डी सिका थोर. मग आपली जिजाई?

वाचकहो, फराळाच्या ताटावर भांडण उकरून काढू नये, हे मला कळते. पण आमच्या बदनापूरचा एक शिकलेला तरुण सुट्टीत घरी आला आणि चकली मोडता मोडता म्हणाला, "काका, खरा चित्रपट इटलीने केला. आपल्याकडे नुसते देवदेव!" मग राहवेना.

व्हित्तोरिओ डी सिका थोरच! १९०१ साली जन्मलेला हा देखणा नट पुढे दिग्दर्शक झाला. १९४८ साली 'बायसिकल थीव्ज'मध्ये त्याने कारखान्यातल्या एका कामगाराला नायक केले आणि चोरीला गेलेल्या सायकलीपायी रोमभर वणवण करणारा बाप जगाला दाखविला. १९५२ साली हा चित्रपट मुंबईच्या चित्रपट महोत्सवात आला. पुढल्याच वर्षी बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' झळकला. इटलीचे हे ऋण कोण नाकारतो?

पण त्याआधी बारा वर्षे, १९३६ साली, पुण्याच्या 'प्रभात'मध्ये पेणचे विष्णुपंत दामले आणि कागलचे शेख फत्तेलाल यांनी 'संत तुकाराम' केला होता. दोघेही कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या तालमीतले. एक यंत्रात मुरलेला, दुसरा रंगरेषांत. विठ्ठलाचा चित्रपट करताना फत्तेलालांना कोणी जात विचारली नाही, आणि प्रेक्षकांनीही नाही.

नुसते देवदेव? आजारी पोराला घेऊन थेट विठ्ठलावर पायताण उगारणारी गौरीची जिजाई आठवा! नवरा अभंगात रंगलेला, घरात दाणा नाही, आणि पोरे-म्हैस तिच्या गळ्यात. अखेरीस वैकुंठाचे विमान येते, हा चमत्कार खराच. पण जिजाई त्यात बसत नाही. तिला संसार आहे! चमत्कारालाही चुलीपाशी आणून उभे करणारी ही नजर वास्तववाद नव्हे, तर दुसरे काय?

आमच्याकडे कापूस घरात येतो, तो विकण्याआधीच देणेकऱ्यांत वाटला गेलेला असतो. त्या घरची बाई आजही जिजाईचीच भाषा बोलते. सायकल गमावलेल्या रोमच्या बापाचे दुःख ज्याला कळते, त्याला ही शेजारीण का दिसू नये?

गंमत अशी, की १९३७ साली याच 'तुकारामा'चा गौरव इटलीतल्याच व्हेनिसच्या महोत्सवात झाला. इटलीला जे दिसले, ते आम्हांला दिसण्यासाठी पुन्हा इटलीचाच शिक्का दाखवावा लागतो, याची लाज वाटते.

दामले १९४५ साली गेले, फत्तेलाल १९६४ साली. 'प्रभात'च्या जागेवर १९६० पासून चित्रपटाचे शिक्षण दिले जाते. पण बदनापूरच्या पोराला आपल्या ओसरीवरही चित्रपट दडलेला असतो, हे कोण शिकवणार?

म्हणून या दिवाळीत एक करा. एका रात्री भिंतीला पांढरे धोतर ताणा आणि गल्लीतल्या पोरांना दोन्ही चित्रपट दाखवा. आधी 'तुकाराम', मग डी सिका. माझ्या त्या तरुण मित्राला मीही बोलावणार आहे. चकल्या माझ्याकडे लागल्या!