गाडी खाली नको, टायर रस्त्यावर हवा

घरातली जुनी हॅचबॅक कॉलेजातल्या पोराच्या हाती आली, की दोन खर्च ठरलेलेच. पहिला म्युझिक सिस्टिमचा, दुसरा गाडी ‘खाली’ करण्याचा. जमिनीला टेकायला आलेली स्विफ्ट कुठल्या तरी रीलमध्ये पाहिलेली असते. मग ग्रुपमधला एखादा जाणकार सल्ला देतो, ‘‘काऊन एवढा इचार करतं बे? स्प्रिंगचा एक वेढा कापून टाक, गाडी वळणावर हलतच नाही!’’ अर्ध्या दिवसाचं काम, खर्च किरकोळ आणि संध्याकाळी स्टेटसला फोटो.

गाडीचं हँडलिंग सुधारायची हौस चांगलीच आहे. पण आपल्या वऱ्हाडातल्या रस्त्यांवर ही हौस कटरपासून सुरू होऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ती टायर, बुश आणि शॉकअपपासून सुरू व्हावी.

आधी सस्पेन्शन करतं काय ते बघू. स्प्रिंग गाडीचं वजन पेलते आणि खड्ड्याचा धक्का घेते. दाबली गेलेली स्प्रिंग पुन्हा उसळते, उसळतच राहते. ती उसळी थांबवणं हे शॉकअपचं काम. दोघांनी मिळून साधायचं एवढंच, की टायर रस्ता सोडणार नाही. तुम्ही ब्रेक मारा नाहीतर स्टेअरिंग फिरवा, रस्त्याला धरून असतात ते चार टायरचे तळहाताएवढे चार तुकडे. त्यातला एक क्षणभर जरी हवेत गेला, तरी तेवढी पकड गेली.

आता कापाकापीचा हिशेब इंजिनिअरिंगवाल्यांनी तरी करावा. स्प्रिंगचे काम करणारे वेढे सहा असतील आणि एक कापला, तर उरलेली स्प्रिंग सुमारे २० टक्के कडक होते. शॉकअप मात्र जुन्याच, मऊ स्प्रिंगच्या हिशेबाने बनलेला. कडक स्प्रिंगची उसळी त्याला आवरत नाही. वर त्याला खाली जायला जागाही कमी उरते, म्हणून मोठ्या खड्ड्यात तो थेट रबरी स्टॉपरवर आपटतो. आखूड झालेली स्प्रिंग चाक लटकल्यावर आपल्या जागेवरून सरकू शकते, ते वेगळंच. गुळगुळीत रस्त्यावर गाडी ‘टाइट’ वाटते हे खरं. पण टाइट वाटणं म्हणजे पकड नव्हे.

आणि गुळगुळीत रस्ता आपल्याकडे आहे किती? अमरावती-अकोला हायवेने जून २०२२ मध्ये गिनीज बुकात नाव नोंदवलं. एका लेनच्या हिशेबाने ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला. तेव्हा आपण सगळ्यांनीच तो अभिमानाने फॉरवर्ड केला होता. पण हायवे सोडून दर्यापूर, अंजनगाव, तेल्हाऱ्याकडच्या आतल्या रस्त्यांना लागा. खाली आपली काळी माती. कपाशीला ती सोन्यासारखी, रस्त्याला मात्र वैरीण. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वरचं डांबर तिच्यासोबत वर-खाली होतं, कडा खचतात आणि रस्त्याला लाटा येतात. अशा लाटेवर ऐंशीच्या वेगात कापलेल्या स्प्रिंगची गाडी टप्पे खाते. वळण नेमकं त्या टप्प्यावर आलं, तर स्टेअरिंग फिरवूनही गाडी ऐकत नाही.

उंचीचंही गणित करा. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिलिमीटर. त्यातून ४० गेले, उरले १२३. चार जण आणि बॅगा बसल्या की आणखी कमी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गोल स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. गल्लीत रातोरात उगवलेला ब्रेकर कुणी मोजून बांधलेला असतो का? खाली चेंबर आपटून तेल गळालं, की वाचवलेले पैसे व्याजासकट जातात.

कायद्याची बाजूही आहेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांपासून फारकत घेणारा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी गाडीमालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि आरसी बुकवर मालक म्हणून नाव बहुतेक वेळा बाबांचं असतं.

मग पैसे लावायचे कुठे? क्रम सोपा आहे. पहिले टायर. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली, की तो टायर कायद्यानेही बाद. हवा किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर वाचा. दुसरं, लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट आणि लिंक रॉड. खड्ड्यात खडखड आवाज येतो तो बहुधा यांचाच. तिसरं, शॉकअप. गाडीचा एक कोपरा जोरात दाबून सोडा. वर येऊन पटकन थांबली तर ठीक, झुलत राहिली किंवा शॉकअपवर तेल ओघळलेलं दिसलं तर बदला. बदलताना डाव्या-उजव्याची जोडी एकदमच. हे झाल्यावर व्हील अलाइनमेंट, आधी नाही. ढिल्या बुशवर केलेलं अलाइनमेंट टिकत नाही. कित्येक जुन्या गाड्यांना एवढ्यानेच नवा जीव येतो. यात मिरवण्यासारखं काही दिसत नाही, हीच काय ती अडचण!

कुणी म्हणेल, हौसेला मोल नसतं. कबूल. ज्याला सस्पेन्शनचं खरंच वेड आहे, त्याने कॉलेजात टीम जमवून बाहा एसएई इंडियासारख्या स्पर्धेत उतरावं. तिथे विद्यार्थी एका सीटची बग्गी स्वतः डिझाइन करून बनवतात आणि खडबडीत ट्रॅकवर तिचा कस लागतो. स्प्रिंग किती कडक, शॉकअप कसा, हे सगळं स्वतः ठरवायचं. हेल्मेट घालून, बंद ट्रॅकवर.

कारण रस्त्यावर ही हौस एकट्याची राहत नाही. पावसाळ्यात परतवाडा सोडून चिखलदऱ्याचा घाट चढणाऱ्या हॅचबॅक बघा. प्रत्येकीत चार-पाच पोट्टे असतात आणि समोरून एसटी येत असते. मागच्या सीटवरच्या पोरांना किंवा एसटीतल्या आजीला तुम्ही स्प्रिंग कापताना विचारलं नव्हतं. म्हणून पुढची ट्रिप ठरली, की ग्रुपवर डीजेची प्लेलिस्ट ठरवण्याआधी एक प्रश्न टाका: ‘‘भाऊ, शॉकअप कधी चेक केले होते?’’