तापलेली गच्ची आणि बिनझोपेची रात्र

दहिसरसारख्या उपनगरात इमारतीच्या गच्चीवर दुर्बीण लावणाऱ्याला दोन गोष्टींशी झगडावे लागते: दिव्यांचा उजेड आणि साठलेली उष्णता. उजेडामुळे अंधूक तेजोमेघ आणि दीर्घिका इथून दिसेनाशा झाल्या आहेत. त्या पाहायच्या तर वांगणीसारख्या अंधाऱ्या जागी जावे लागते. खगोल मंडळाचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम तिथे कित्येक वर्षे होत आले आहेत. चंद्र, गुरू आणि शनी मात्र शहराच्या उजेडातही दिसतात. त्यांचे बारकावे टिपायला स्थिर हवा लागते, आणि नेमकी तीच तापलेल्या गच्चीवर मिळत नाही.

याचे कारण सोपे आहे. दिवसभर उन्हात तापलेला सिमेंटचा स्लॅब ती उष्णता सूर्यास्तानंतर कित्येक तास बाहेर टाकत राहतो. गरम हवेचे झोत वर चढतात आणि त्यांतून येणारा प्रकाश थरथरतो. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर समोरचे दृश्य हलताना दिसते, तसेच शनीचे कडे दुर्बिणीत हलू लागते. दुर्बिणीचा आरसा आसपासच्या हवेपेक्षा एखाद-दोन अंशांनी गरम असला, तरी प्रतिमा बिघडते. भोवती पत्र्याची बंद खोली असेल, तर ही तफावत आणखी वाढते.

मोठ्या वेधशाळा यासाठी बराच खटाटोप करतात. हवाईमधील केक वेधशाळेचा घुमट दिवसा यंत्राने थंड ठेवतात. तिथल्याच जेमिनी दुर्बिणीच्या घुमटाला वारा आरपार जाण्यासाठी भिंतीतच मोठी दारे आहेत. घरच्या वेधशाळेत वातानुकूलन यंत्र लावण्याचा मोह होतो, पण मुंबईत ते अंगाशी येते. मे महिन्यात इथल्या हवेचा दवबिंदू २४-२५ अंशांच्या घरात असतो. २२ अंशांवर गार केलेला आरसा बाहेरच्या हवेला उघडा पडताच त्यावर दव जमते. पुढे तीच ओल भिंगावर बुरशी धरते.

त्यापेक्षा साधे उपाय जास्त उपयोगी ठरतात. गच्चीवर पांढरा चुना किंवा चायना मोझॅक, छपराखाली उष्णतारोधक थर, भिंतीच्या तळाशी जाळी लावलेले झरोके आणि वर, समोरच्या बाजूला एक्झॉस्ट पंखा. गरम हवा वरून बाहेर पडते, खालून ताजी हवा आत येते. जाळी आवश्यकच, कारण डेंग्यू आणि हिवतापाचे डास झरोक्यातूनही येतात. दहिसरला दुपारी वारा समुद्राकडून येतो, तर हिवाळ्याच्या रात्री पूर्वेच्या जंगलाकडून. म्हणून झरोके दोन्ही बाजूंना हवेत. पंखा सूर्यास्ताच्या सुमारास सुरू केला, तर निरीक्षणाच्या वेळेपर्यंत आरसा हवेच्या तापमानाजवळ येतो.

दुर्बीणवाल्याला हा त्रास काही तासांचा असतो. नकोसे झाले की तो झाकण लावून खाली येतो. त्याच स्लॅबखाली सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना, किंवा गणपत पाटील नगरासारख्या वस्तीत पत्र्याखाली झोपणाऱ्यांना ही सोय नाही. झोप लागताना शरीराचे आतले तापमान थोडे उतरावे लागते. खोली तापलेली आणि हवा दमट असली, की घाम वाळत नाही आणि शरीराला उष्णता टाकता येत नाही. हृदयाला जास्त काम पडते, झोप तुटते आणि दिवसभराचा ताण भरून निघत नाही. वृद्ध, तान्ही मुले, गर्भवती, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले रुग्ण यांना याचा फटका आधी बसतो. लघवी वाढवणाऱ्या आणि काही मानसोपचाराच्या गोळ्या हा धोका वाढवतात.

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे, की उन्हाळ्यात खोलीचे तापमान दिवसा ३२ आणि रात्री २४ अंशांच्या खाली ठेवावे. मुंबईत मे महिन्यात घराबाहेरच रात्रीचा पारा २७ अंशांच्या आसपास असतो. तापलेल्या छताखाली तो आणखी वर जातो.

आपली मोजमापे मात्र दिवसावरच बेतलेली आहेत. किनारपट्टीवर उष्णतेची लाट जाहीर होण्यासाठी कमाल तापमान किमान ३७ अंश आणि सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी जास्त असावे लागते. ‘उष्ण रात्र’ या शब्दाला हवामान खात्याची वेगळी व्याख्या आहे, पण तीही दिवसाचे कमाल तापमान ४० अंश किंवा त्याहून अधिक असेल तरच लागू होते. मुंबईत पारा ४० पर्यंत क्वचित चढतो. म्हणजे दमट, बिनझोपेच्या रात्री कितीही आल्या तरी त्या कागदावर जवळजवळ येतच नाहीत. खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी उघड्या मैदानावरील सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेले. त्या दिवशी परिसरातला पाराही ४० च्या आतच होता. आकडा लहान दिसला म्हणून धोका लहान नसतो.

अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचे काम हाती घेतले. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचे स्वतंत्र धोरण आणले. मुंबईचा हवामान कृती आराखडा मार्च २०२२ पासून आहे. त्यात वस्त्यांच्या छपरांना आणि रात्रीच्या तापमानाला किती वजन मिळते, हे नागरिकांनी विचारायला हवे. पुनर्विकासाचे नकाशे मंजूर होतानाच वरच्या स्लॅबवर परावर्तक थर बंधनकारक करता येईल.

तोवर सोसायट्यांना एक गोष्ट करता येण्यासारखी आहे. पावसाळ्यासाठी गच्चीवर पत्रा टाकायचा असेल, तर परवानगी घेऊन बाजू उघड्या ठेवाव्यात. वारा खेळता राहिला, तर तो पत्रा खालच्या स्लॅबला सावली देतो. बाजू बंद केल्या, तर तीच जागा भट्टी होते आणि तिची उष्णता खालच्या बिछान्यापर्यंत उतरते.