गाभा कोणासाठी राखावयाचा?

कामरेजच्या पुलाखालून वाहणारी तापी आम्हांस सूर्यकन्या म्हणून वंद्य आहे. आषाढ शुद्ध सप्तमीस आम्ही तिचा जन्मोत्सव करतो. परंतु तिचे पाणी कोणत्या रानातून येते याचा विचार करणारे विरळाच. मुलताईस उगम पावलेली ही नदी मेळघाटच्या उत्तर सीमेवरून वाहते आणि खंडू, खापरा, सिपना, गाडगा व डोलार या तेथील पाचही वननद्या तिलाच मिळतात. वाघ जे पाणी पितो त्याचाच अंश आमच्या अर्घ्यात असतो. म्हणून त्या अरण्यात काय चालते याविषयी बोलणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

मेळघाट हा १९७३-७४ साली स्थापन झालेल्या देशातील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००६ साली झालेल्या दुरुस्तीने व्याघ्रप्रकल्पाचे गाभा क्षेत्र मानवी उपद्रवापासून मुक्त राखावे असे ठरले. मात्र आदिवासींच्या हक्कांस बाध न आणता, हेही त्याच कलमात लिहिले आहे. बोरी, कोहा, कुंड ही कोरकूंची गावे त्यापूर्वीच उठली होती. पुढे आणखीही उठली. वाघाला शांतता हवी म्हणून पिढ्यान्‌पिढ्यांचे घर, शेत आणि ग्रामदेव सोडून माणसे बाहेर पडली.

मग आत कोण गेले? सर्वोच्च न्यायालयाने २४ जुलै २०१२ रोजी गाभा क्षेत्रांतील पर्यटन थांबविले. नवी मार्गदर्शक तत्त्वे आल्यावर १६ ऑक्टोबरला ती बंदी उठली. त्या तत्त्वांनुसार गाभ्याच्या २० टक्क्यांपर्यंत भाग पर्यटनास खुला ठेवता येतो. म्हणजे मोहाची फुले वेचणारी कोरकू स्त्री उपद्रव ठरते, आणि तिकीट काढून जिप्सीत बसलेला पाहुणा ठरत नाही! हा न्याय आम्हांस उमगत नाही.

या पाहुण्यांस नुसते अरण्य पुरत नाही. त्यांस वाघ हवा, तोही जवळून. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीस व तिच्या पाच बछड्यांस सफारीच्या गाड्यांनी वाटेत कोंडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठास त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. १९७२ च्या कायद्यातील ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत वन्य प्राण्यास हाकणेही येते. बंदूक नसली म्हणजे हात निर्मळ असतात असे नव्हे.

पर्यटनाने स्थानिकांस रोजगार मिळतो, चोरट्या शिकाऱ्यांवर वचक राहतो, हा युक्तिवाद खोटा नाही. परंतु तो सफारी कोठे व कशी असावी याचे उत्तर देत नाही. ती गाभ्याबाहेर चालावी, गाड्यांची संख्या थोडी असावी आणि तिच्या उत्पन्नातील पहिला वाटा उठलेल्या गावांस मिळावा, एवढीच आमची मागणी आहे.

वाचकहो, गाभारा म्हणजे काय हे आपणांस सांगावयास नको. शेजारतीनंतर कवाडे मिटली की कितीही मोठा यजमान दाराशी आला तरी पुजारी ती उघडीत नाही. पैसे मोजून रांग मोडण्याची चाल आपल्या देवळांत शिरली तेव्हा आपण हळहळलो. तीच चाल रानात मात्र आपणच नेतो. वाघ दाखविल्यास चालकाच्या हातावर वेगळी नोट ठेवणारा यजमान दुसरा कोणी नसून आपल्यातलाच आहे. त्या नोटेपायी गाडी वाट सोडते आणि वाघिणीची वाट अडते.

ती नोट यापुढे खिशातच राहू द्यावी. वाघ दिसला नाही तर सिपनेच्या काठी घटकाभर स्वस्थ बसावे. दर्शन देणे न देणे हा देवाचा अधिकार आहे, हे आपण देवळात मानतो; ते रानातही मानावे.