आगीच्या भीतीने गाड्या परत बोलावल्या आणि दिलं सॉफ्टवेअर अपडेट. जीपच्या बॅटरी रिकॉलचा विषय नेमका काय आहे?

गाडी घराच्या गॅरेजमध्ये लावू नका. भिंतीपासून आणि दुसऱ्या गाड्यांपासून लांब, मोकळ्यावर लावा. आणि चार्जिंगला तर अजिबात लावू नका.

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतल्या लाखो गाडीमालकांना असा निरोप मिळाला. गाड्या होत्या जीप रँग्लर आणि जीप ग्रँड चेरोकीच्या प्लग-इन हायब्रिड, म्हणजे 'फोर-बाय-ई' मॉडेलच्या. आकडा होता ३ लाख २० हजार ६५.

यातल्या बऱ्याच मालकांसाठी हा निरोप नवा नव्हता. त्यांना याआधीही असाच निरोप मिळाला होता. ते सर्व्हिस सेंटरला गेले होते, बॅटरीचं सॉफ्टवेअर अपडेट करून आले होते आणि विषय संपला असं समजून पुन्हा गाडी गॅरेजमध्ये लावायला लागले होते.

मग परत तेच का? बॅटरीत दोष असेल तर बॅटरी बदलायची सोडून सॉफ्टवेअर का बदलतात? आणि ज्याच्या दारात अशी गाडी उभी आहे, त्याने करायचं काय? एकेक करून बघू.

प्लग-इन हायब्रिड म्हणजे काय?

साध्या हायब्रिड गाडीत बॅटरी छोटी असते आणि ती गाडी चालताना आपोआप चार्ज होते. इलेक्ट्रिक गाडीत इंजिनच नसतं. प्लग-इन हायब्रिड या दोन्हीच्या मधली. पेट्रोल इंजिनही आहे आणि घरच्या प्लगवर चार्ज होणारी मोठी बॅटरीही आहे.

रँग्लर फोर-बाय-ईची बॅटरी साधारण १७ किलोवॅट-तासांची. आपल्या वीजबिलाच्या भाषेत १७ युनिट. तेवढ्यावर गाडी साधारण ३५ किलोमीटर जाते. ऑफिसला जाणं-येणं विजेवर, लांबचा प्रवास पेट्रोलवर, असा हिशोब. याच हिशोबावर ही गाडी अमेरिकेत सगळ्यात जास्त खपणारी प्लग-इन हायब्रिड ठरली होती.

चार्जिंग बंद म्हटलं की हा हिशोबच मोडतो. ज्या बॅटरीसाठी जास्तीचे पैसे मोजले, ती आता नुसतं ओझं म्हणून वाहायची आणि वर पेट्रोल भरायचं.

दोष नेमका कुठे आहे?

रँग्लरच्या बॅटरीत ९६ सेल असतात. प्रत्येक सेलमध्ये एक धन बाजू, एक ऋण बाजू आणि त्या दोघींना एकमेकींना भिडू न देणारा एक पातळ पडदा असतो. त्याला सेपरेटर म्हणतात. हा पडदा माणसाच्या केसापेक्षाही पातळ असतो.

पडद्याला इजा झाली की दोन्ही बाजू आतल्या आत एकमेकींना भिडू शकतात. म्हणजे सेलच्या पोटात शॉर्ट सर्किट. तिथे उष्णता तयार होते, त्या उष्णतेने शेजारचा सेल तापतो, मग त्याच्या शेजारचा. ही साखळी एकदा सुरू झाली की थांबवणं फार अवघड. अशी आग विझल्यासारखी वाटली तरी पुन्हा पेट घेऊ शकते.

जीपच्या या गाड्यांमधले सेल सॅमसंग एसडीआय कंपनीचे. सेपरेटरला इजा झालेले काही सेल गाड्यांमध्ये गेले असावेत, असं रिकॉलच्या कागदपत्रांत म्हटलंय. परत बोलावलेल्या गाड्यांपैकी सुमारे ५ टक्के गाड्यांमध्ये हा दोष असेल, असा कंपनीचा अंदाज आहे.

५ टक्के म्हणजे साधारण १६ हजार गाड्या. पण ३ लाख २० हजारांतल्या त्या १६ हजार कोणत्या, हे बाहेरून बघून सांगता येत नाही. सॉफ्टवेअरचा विषय इथूनच सुरू होतो.

मग सॉफ्टवेअर काय करतं?

अंगणात ९६ माठ भरून ठेवलेत असं समजा. त्यातल्या एका माठाला बारीक तडा गेलाय. नुसतं बघून तो सापडणार नाही. पण सगळे माठ सारखे भरले, रात्रभर ठेवले आणि सकाळी पाण्याची पातळी मोजली, तर ज्याची पातळी जास्त उतरली तो माठ गळका.

बॅटरीचं सॉफ्टवेअर साधारण हेच करतं. ते सेलच्या व्होल्टेजवर नजर ठेवतं. एखाद्या सेलचं व्होल्टेज बाकीच्यांपेक्षा लवकर उतरायला लागलं, तर आत कुठेतरी गळती असल्याची ती खूण. अशी खूण सापडली की गाडी इशारा देते आणि मग सर्व्हिस सेंटरला बॅटरी बदलून द्यावी लागते.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायला हवी. सॉफ्टवेअर तडा बुजवत नाही, तडा शोधतं. अपडेट झालं म्हणजे बॅटरी दुरुस्त झाली, असा त्याचा अर्थ होत नाही. बॅटरी जी आधी होती तीच असते. फक्त तिच्यावर पहारा वाढलेला असतो.

कंपन्या हा रस्ता का घेतात? सरळ गणित आहे. सगळ्याच गाड्यांची बॅटरी बदलायची तर खर्च प्रचंड आणि तेवढ्या नव्या बॅटऱ्या एकदम मिळणंही अवघड. त्यात ९५ टक्के बॅटऱ्या चांगल्या असण्याची शक्यता. म्हणून आधी खराब बॅटरी ओळखायची आणि तेवढीच बदलायची. कागदावर हे गणित चुकीचं नाही. पण ते सगळं एका गोष्टीवर उभं आहे: पहारेकऱ्याच्या नजरेतून एकही गळका माठ सुटता कामा नये.

आणि नजरेतून सुटलेच

आता घटनांचा क्रम बघा.

नोव्हेंबर २०२३ मध्ये रँग्लर फोर-बाय-ईच्या ३२ हजार १२५ गाड्या अमेरिकेत परत बोलावल्या. तोपर्यंत आगीच्या आठ घटना समोर आल्या होत्या. उपाय: सॉफ्टवेअर अपडेट आणि गरज पडली तर नवी बॅटरी.

सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस आकडा थेट १ लाख ५४ हजारांवर गेला. आता ग्रँड चेरोकीही आली. आगीच्या घटना तेरा. उपाय तोच.

नोव्हेंबर २०२५ मध्ये ३ लाख २० हजार ६५. यात २ लाख २८ हजार २२१ रँग्लर, बाकीच्या ग्रँड चेरोकी. आगीच्या घटना १९ आणि एक जण जखमी.

यातला कळीचा मुद्दा म्हणजे आधीचं अपडेट घेतलेल्या गाड्यांनाही आगी लागल्याचं समोर आलं. म्हणून तिसऱ्या रिकॉलमध्ये आधी 'दुरुस्त' झालेल्या गाड्याही पुन्हा धरल्या गेल्या. घोषणा झाली तेव्हा नवा उपाय हातात नव्हता. होता तो फक्त निरोप: गाडी बाहेर लावा, चार्ज करू नका.

१९ घटना आणि ३ लाख गाड्या, म्हणजे धोका तसा फार कमी, असं कुणीही म्हणेल. आकड्यात ते खरंही आहे. पण आग उभ्या असलेल्या, बंद गाडीलाही लागू शकते. अमेरिकेत बहुतेक घरं लाकडी सांगाड्याची आणि गॅरेज घरालाच जोडलेलं. रात्री दोन वाजता गॅरेजमध्ये पेटलेली गाडी आणि वरच्या खोलीत झोपलेली मुलं, हे चित्र डोळ्यासमोर आणलं की 'गाडी बाहेर लावा' हा निरोप हलक्यात घेता येत नाही.

याच समूहातल्या क्रायस्लर पॅसिफिका हायब्रिडची गोष्टही अशीच. २०२२ मध्ये एक रिकॉल, २०२४ मध्ये दुसरा. ही गाडी मिनीव्हॅन, म्हणजे मुलाबाळांच्या घरातली. तिथल्या मराठी घरांमध्येही मिनीव्हॅन काही नवी नाही.

दुसरा रस्ता होता का?

होता. २०२० मध्ये युरोपात फोर्डच्या कुगा प्लग-इन हायब्रिडला आगी लागल्या. फोर्डनेही आधी चार्जिंग बंद करायला सांगितलं. पण नंतर त्या गाड्यांच्या अख्ख्या बॅटऱ्याच बदलून देण्याचा निर्णय घेतला. मालकांना काही महिने थांबावं लागलं. ब्रिटनमध्ये त्याबदल्यात पेट्रोलसाठी ५०० पौंडांचं कार्ड देण्यात आलं.

हे जमलं कारण त्या गाड्या हजारांत होत्या, लाखांत नव्हत्या. गाड्यांची संख्या वाढली की कंपन्यांचा कल आधी सॉफ्टवेअरकडे जातो, असं दिसतं.

गाडी तुमच्या किंवा तुमच्या माणसाच्या दारात असेल तर?

तुमची बहीण, मुलगा किंवा मित्र तिकडे असेल, तर हा भाग सरळ त्यांना पाठवा.

एक, व्हीआयएन तपासा. हा १७ अंक-अक्षरांचा गाडीचा नंबर ड्रायव्हरच्या बाजूला काचेखाली दिसतो. अमेरिकेची वाहन सुरक्षा संस्था म्हणजे एनएचटीएसए. तिच्या वेबसाइटवर हा नंबर टाकला की गाडीवर रिकॉल बाकी आहे का ते फुकटात कळतं. पत्राची वाट बघत बसू नका. आणि एकदा तपासून सोडून देऊ नका, दर काही महिन्यांनी पुन्हा बघा. जीपच्या बाबतीत यादी दोनदा वाढली आहे.

दोन, चार्जिंग थांबवा. बॅटरी जितकी भरलेली, तितकी आत ऊर्जा जास्त आणि सेलवर ताणही जास्त. बॅटरी उतरलेली असेल तर धोका कमी होतो, हे कंपनीनेच म्हटलं होतं. लक्षात घ्या, या गाड्यांमध्ये इंजिनवर बॅटरी राखायचा किंवा भरायचा 'ई-सेव्ह' मोडही असतो. प्लग काढला आणि हा मोड चालू ठेवला तर उपयोग नाही.

तीन, गाडी खरोखर बाहेर लावा. अपार्टमेंटच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये लावणं म्हणजे बाहेर लावणं नव्हे. जागा नसेल तर डीलरला आणि सोसायटीला लेखी कळवा.

चार, अपडेट घ्याच. ते अपुरं ठरलंय म्हणून टाळणं शहाणपणाचं नाही. पहारा कमजोर असला तरी पहारा नसण्यापेक्षा बरा. रिकॉलची दुरुस्ती कायद्याने फुकट आहे. अपडेटनंतर कोणतं काम झालं, बॅटरी तपासली का आणि निकाल काय आला, हे कागदावर लिहून घ्या.

पाच, खर्चाचा हिशोब ठेवा. चार्जिंग बंद असताना वाढलेला पेट्रोलचा खर्च कंपनीने द्यावाच, असं रिकॉलचा कायदा म्हणत नाही. पण मागायला हरकत नाही. गाडी वारंवार दुरुस्तीला जात असेल तर राज्याराज्यांत 'लेमन लॉ' आहेत. त्यासाठी तारीखवार कागद लागतात.

सहा, जुनी गाडी घेताना सावध राहा. अमेरिकेत रिकॉल बाकी असलेली नवी गाडी डीलरला ग्राहकाच्या ताब्यात देता येत नाही. पण वापरलेल्या गाडीला केंद्रीय कायद्यात अशी बंदी नाही. स्वस्तात मिळाली म्हणून घेतलेल्या गाडीत जुनं सॉफ्टवेअर असू शकतं.

आपल्याकडे याचा काय संबंध?

भारतात जीपची फोर-बाय-ई मॉडेल विकली जात नाहीत. प्लग-इन हायब्रिड आपल्याकडे एकूणच दुर्मीळ, त्याही बहुतेक महागड्या. पण बॅटरीची आग आपल्याला अनोळखी नाही. मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ओलाच्या इलेक्ट्रिक स्कूटरने पेट घेतला, तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. त्यानंतर कंपनीने १ हजार ४४१ स्कूटर तपासणीसाठी परत बोलावल्या. सरकारने डिसेंबर २०२२ पासून दोन टप्प्यांत बॅटरी सुरक्षेचे नियम कडक केले.

सक्तीच्या रिकॉलचा नियम आपल्याकडे १ एप्रिल २०२१ पासून लागू आहे. सात वर्षांच्या आतल्या वाहनाबद्दल सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. ठरावीक संख्येने तक्रारी आल्या तर सरकार चौकशी करून रिकॉलचा आदेश देऊ शकतं. कंपनीला दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत. म्हणजे तक्रार नोंदवणं इथे महत्त्वाचं. व्हॉट्सॲप ग्रुपवर वैताग व्यक्त करून तो आकडा वाढत नाही.

आणि आपल्याकडेही यापुढे बऱ्याच गाड्यांची दुरुस्ती 'अपडेट'च्या रूपातच येणार आहे. मोबाइलचं अपडेट आपण न वाचता 'ओके' करतो. गाडीच्या बॅटरीचं अपडेट आलं की सर्व्हिस सेंटरला एकच प्रश्न विचारा: यात बॅटरी दुरुस्त झाली, की फक्त तिच्यावर नजर ठेवली जाणार आहे?

उत्तर दुसरं असेल, तर त्या रात्री गाडी कुठे लावायची, हे तुमचं तुम्हालाच ठरवावं लागेल.