मागची चाके रुंद करताना

बेंगळुरूच्या येलहंक्यात १९८४ पासून रेल्वेचा चाक कारखाना चालतो. ठरल्या मापाबाहेरचे चाक रुळावर येऊच शकत नाही. त्याच येलहंक्यावरून रविवारी पहाटे नंदी हिल्सकडे धावणाऱ्या काही मोटारींची चाके मात्र मालकाच्या हौसेने बदललेली असतात.

मागचे टायर रुंद असणे ही मुळात पोर्शे ९११ सारख्या गाड्यांची गरज. इंजिन मागे, त्याची ताकदही मागच्या चाकांना. वेग घेताना भार तिथेच येतो. आपल्याकडच्या बहुतेक घरगुती मोटारी पुढची चाके ओढतात. त्यांना मागे रुंद टायर म्हणजे निव्वळ दिमाख!

स्पोर्ट्‌स कारला ते बसवायचेच, तर टायरवरचे आकडे वाचावेत. २०५/५५ आर १६ म्हणजे रुंदी २०५ मिलिमीटर, टायरच्या कडेची उंची रुंदीच्या ५५ टक्के आणि रिम १६ इंची. रुंदी २२५ केली की उंची ५० टक्क्यांवर आणावी. चाकाचा व्यास जवळपास तोच राहतो. ५५ च ठेवली तर तो २२ मिलिमीटरने वाढतो. मग टायर फेंडरला घासू शकतो, पुढची-मागची चाके वेगळ्या गतीने फिरतात आणि ब्रेकची एबीएस यंत्रणा गोंधळू शकते. शिवाय रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो. बेंगळुरूचा पाऊस काही सांगून येत नाही.

टायरवाल्याकडे जाण्याआधी चालकाच्या दाराच्या चौकटीवरील तक्ता पाहावा. कंपनीला मान्य असलेली मापे आणि हवेचा दाब बहुधा तिथेच छापलेला असतो. विमा कंपनीलाही बदल कळवावा, नाहीतर अपघातानंतर भरपाईवरून वाद होऊ शकतो.