छोटी लिंक, पण स्वतःची

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी साताऱ्याहून आत्याचा फोन आला. आत्याचा रविवारी सकाळी फोन म्हणजे एकतर कुणाचं तरी लग्न ठरलेलं असतं, नाहीतर तिच्या मोबाईलची मेमरी फुल झालेली असते. यावेळी दोन्ही नव्हतं.

"अरे, ते पुस्तकातलं चौकोन-चौकोन लावून बघितलं, पण आईचा आवाज काही येईना. कसली तरी जाहिरातच येतेय."

पुस्तक म्हणजे आजीच्या वर्षश्राद्धाला आम्ही छापलेली बत्तीस पानी पुस्तिका. आजी जात्यावरच्या ओव्या म्हणायची. तिच्या शेवटच्या दोन वर्षांत त्या मी जमतील तशा फोनवर रेकॉर्ड केल्या होत्या. चौदा रेकॉर्डिंगं, चौदा क्यूआर कोड, एकशेवीस प्रती. मूळ पत्ते मारुतीच्या शेपटीएवढे लांब, म्हणून एका फुकटच्या सेवेवर जाऊन छोटे करून घेतले. पाच मिनिटांचं काम. घरातला सॉफ्टवेअरवाला मीच, त्यामुळे हे काम माझं, आणि अर्थात चूकही माझीच.

त्या सेवेचं नाव जाऊ दे. ती बंद पडली आणि तिचं डोमेन दुसऱ्याच कुणीतरी घेतलं. गंमत बघा (गंमत कसली म्हणा), रेकॉर्डिंगं सगळी जागच्या जागी आहेत. घर शाबूत आहे, फक्त नाक्यावरची पाटी कुणीतरी दुसरीकडे फिरवून ठेवली. आणि ती पाटी माझी नव्हतीच.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय: जी लिंक कागदावर छापायची, ती दुसऱ्याच्या डोमेनवर छापू नये.

मुळात हे छोट्या लिंकचं प्रकरण आलं कुठून? टायनीयूआरएल २००२ सालचं. इमेलमध्ये लांब पत्ते दोन ओळींत तुटायचे, मग क्लिक केलं की भलतंच. पुढे ट्विटर आलं, १४० अक्षरांची मर्यादा आली आणि अक्षरं वाचवायला अशा सेवांचं पेवच फुटलं. आज ते कारण उरलेलं नाही. तिथे कुठलीही लिंक, कितीही लांब असली तरी, २३ अक्षरं म्हणूनच मोजली जाते. मग आता छोटी लिंक लागते कुठे? छापील कागदावर, स्लाइडवर, फोनवर तोंडी सांगताना आणि क्यूआर कोडमध्ये. पत्ता जितका लहान तितके कोडमधले ठिपके कमी आणि मोठे, म्हणजे आत्याच्या जुन्या फोनलाही ते चटकन वाचता येतात. थोडक्यात, आज छोटी लिंक लागते ती नेमकी अशाच ठिकाणी, जिथे नंतर दुरुस्ती करता येत नाही!

आणि अशा ठिकाणी आपण भरवसा कुणावर टाकतो? ऑगस्ट २००९ मध्ये 'ट्रिम' नावाच्या सेवेने एक दिवस जाहीर केलं की आम्ही बंद करतोय. ओरड झाल्यावर निर्णय फिरवला, पण लोकांच्या पोटात गोळा येऊन गेलाच. २०१० मध्ये लिबियाच्या डोमेन नोंदणीवाल्यांनी 'व्हीबी डॉट एलवाय' हे डोमेन काढून घेतलं, का तर तिथला मजकूर त्यांच्या कायद्यात बसत नाही. 'एलवाय' हे लिबियाचं देश-डोमेन आहे, हे ते गोंडस पत्ते वापरताना किती जणांच्या डोक्यात आलं असेल?

बरं, मोठ्या कंपनीचं तरी काय? गूगलने २००९ च्या डिसेंबरात 'गू डॉट जीएल' सुरू केलं. ३० मार्च २०१९ ला नव्या लिंक बनवणं बंद केलं. जुलै २०२४ मध्ये सांगितलं, २५ ऑगस्ट २०२५ नंतर जुन्याही चालणार नाहीत. मग ऑगस्ट २०२५ च्या सुरुवातीला थोडं नमतं घेतलं: ज्या लिंक वापरात दिसतात त्या ठेवू, बाकीच्या बंद. ऐकायला रास्त वाटतं. पण कपाटातल्या पुस्तकातली लिंक दोन-तीन वर्षांतून एकदा उघडली जाते, तीही कुणाची तरी आठवण आली म्हणून. सर्व्हरच्या हिशेबात ती मेलेलीच. आमची पुस्तिका तिथे असती तरी चौदापैकी किती ओव्या वाचल्या असत्या, कोण जाणे.

आता स्वतःचं करायचं तर खटाटोप किती? खरं सांगू, फार नाही. लिंक छोटी करणारी सेवा म्हणजे दोन रकान्यांची यादी असते. डावीकडे छोटा शब्द, उजवीकडे खरा पत्ता. ब्राउझर छोटा पत्ता मागतो, सर्व्हर म्हणतो "तिकडे जा", संपलं. हजारो लिंक आणि क्लिकचे आकडे हवे असतील तर 'युअर्ल्स' नावाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर २००९ पासून आहे, पीएचपी आणि मायएसक्यूएलवर चालतं. मला चौदा लिंकसाठी तेही जड वाटलं. सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्ये चौदा ओळी लिहिल्या आणि मोकळा झालो.

नवं डोमेनही घेतलं नाही. माझ्या आडनावाचं डोमेन होतंच, त्याच्यापुढे 'ओवी' आणि आकडा, बस. छोटं, चकचकीत वेगळं डोमेन घ्यायचा मोह होतो, पण ते म्हणजे दरवर्षी आठवणीने भरायचं आणखी एक बिल. जे विसरलं की लिंक मेली, ते जितकं कमी तितकं बरं.

चार गोष्टी मात्र ठेच लागून कळल्या. एक, सर्व्हरचं उत्तर ३०१ नको, ३०२ द्या. ३०१ म्हणजे "कायमचं हललं", ते ब्राउझर लक्षात ठेवतो आणि उद्या तुम्ही खरा पत्ता बदललात तरी जुन्याच जागी जाऊ शकतो. दोन, हाताने टाइप करायच्या पत्त्यात शून्य आणि ओ, एक आणि एल असली जुळी भावंडं टाळा. तीन, लिंक बनवायचं पान जगाला उघडं ठेवू नका. स्पॅमवाले दोन दिवसांत शोधून काढतात आणि मग तुमच्या डोमेनचं नाव काळ्या यादीत. चार, ती दोन रकान्यांची यादी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये वेगळी जपून ठेवा. सर्व्हर बुडाला तर अर्ध्या तासात दुसरीकडे उभा करता येतो.

माझा ऑफिसातला मित्र म्हणाला, "आणि तूच डोमेन रिन्यू करायला विसरलास तर? किंवा तुला काही झालं तर?" प्रश्न कडू आहे पण बरोबर आहे. कंपनी बंद पडते, माणूसही बंद पडतोच. म्हणून दोन गोष्टी केल्या. डोमेन काही वर्षांचं एकदम भरून टाकलं आणि यादीचा कागद, पासवर्डच्या पाकिटासकट, धाकट्या बहिणीकडे दिला. शिवाय पुढच्या आवृत्तीत (निघालीच तर) ओव्यांचे शब्दही पूर्ण छापणार आहे. आवाज गेला तरी शब्द राहतील. कागदाला रिन्यूअल लागत नाही.

स्वतःची पाटी अमर नसते, पण फिरली तर निदान आपल्याला फिरवून परत जागेवर ठेवता येते. मला एवढा फरक पुरेसा आहे.

मग नवे क्यूआर कोड स्टिकरवर छापून घेतले आणि नातेवाइकांकडे पाठवायला सुरुवात केली. एकशेवीसपैकी आतापर्यंत त्र्याहत्तर प्रतींचा पत्ता लागला. उरलेल्या कुणाच्या माळ्यावर आहेत देव जाणे.

आत्याच्या प्रतीवर मात्र सातारला जाऊन मी स्वतः स्टिकर चिकटवले. तिने पहिल्या कोडवर फोन धरला, आजीचा आवाज आला. आत्या काही बोलली नाही, नुसती ऐकत बसली. मग म्हणाली, "आता हे परत बंद नाही ना पडणार?"

"माझ्या हातात आहे तोवर नाही," म्हटलं.

फुकटच्या सेवेवर असताना एवढंही म्हणता आलं नसतं.