खट्, खडखड आणि कुरकुर

मराठी भाषा ज्या गोष्टींत श्रीमंत आहे, त्यांत आवाजांचा क्रम फार वरचा लागतो. पैंजण छुमछुमतात, पाने सळसळतात, बांगड्या किणकिणतात, दार करकरते आणि वयस्क माणूस कुरकुरते. व्याकरणकार अशा शब्दांना अनुकरणवाचक म्हणतात आणि दोन ओळींत त्यांची बोळवण करतात. वर्गात आम्ही मास्तर लोकही तेच करतो. परीक्षेला दोन गुणांचा प्रश्न येतो आणि मुले ‘कावळा कावकाव करतो’ असे लिहून मोकळी होतात. या शब्दांचा खरा अभ्यास ज्याला करावयाचा असेल, त्याने एक जुनी मोटार बाळगावी आणि तिचे पाटे बदलून घ्यावेत.

आमच्या घरी अशी एक मोटार आहे. प्रीमियर पद्मिनी. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी स्थापन केली, आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट अकराशेचा ‘डिलाइट’ हा अवतार बाहेर पडू लागला. पुढे १९७४ मध्ये याच गाडीचे नाव पद्मिनी झाले. लोक मात्र शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणत राहिले. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपात तिने दोन-तीन पिढ्यांची लग्ने, बाळंतपणे आणि बदल्या पार पाडल्या. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तेथील शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून उतरली. भंडाऱ्यास आमची अजून चालते. वडिलांनी घेतलेली, त्यांच्या मागे राहिलेली. आईच्या गुडघ्यांना तिची बैठक सोसते, आणि दर भाऊबीजेला पवनीस मामांकडे ती याच गाडीने जाते. नवी गाडी घेण्याची गोष्ट निघाली, की आई काही बोलत नाही, नुसती पानाचा डबा उघडते. विषय तेथेच मिटतो.

यंदा पावसाळ्यानंतर गाडीचे खालचे काम काढले. मागचे पाटे बसले होते, रबरी बुश झिजले होते आणि शॉकॲब्सॉर्बरमधून तेल गळत होते. आमच्या जिल्ह्यात धानाचे ट्रक, मँगेनीजचे ट्रक आणि वाळूचे ट्रक असे तीन प्रकारचे रस्तेशत्रू नांदतात. त्यांच्या मागोमाग चालणाऱ्या गाडीचे पाटे किती दिवस ताठ राहणार? काम झाले, पैसे दिले. ज्या गॅरेजात झाले त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. गाडी घरी आली ती अशी मऊ, की पाळण्यात बसल्यासारखे वाटावे. फक्त पाळणा वाजत होता.

दुरुस्तीनंतर नवा आवाज यावा, याचे पुष्कळांना आश्चर्य वाटते. वास्तविक त्यात नवल नाही. त्याची कारणे तीन. एक तर काम करताना जे जे सोडले, ते ते सर्व पूर्वीसारखे बसतेच असे नाही. सायलेन्सरची नळी अर्धा इंच सरकली, तरी ती खालच्या पत्र्याला टेकू लागते. दुसरे, रबरी बुशाचा बोल्ट गाडी जॅकवर उचललेली असतानाच करकचून आवळला, तर चाके जमिनीवर येताच रबराला कायमचा पीळ बसतो. मग ते कुरकुरते आणि लवकर फाटते. तो बोल्ट शेवटचा आवळावयाचा, तो गाडीचा भार चाकांवर आल्यावर. तिसरे कारण मौजेचे आहे. मोठा गोंगाट थांबला, की त्याच्याखाली दडलेले लहान आवाज ऐकू येऊ लागतात. पाहुणे गेल्यावर घड्याळाची टिकटिक ऐकू यावी, तसे.

आमच्या घरी आवाजाच्या उगमाविषयी चार मते होती. सौभाग्यवतींच्या मते तो मागच्या दारातून येत होता. चिरंजीवांनी तो डाव्या पुढच्या चाकात निश्चित केला. कन्येला तो छतातून आल्यासारखा वाटला. आई म्हणाली, “तुझ्या बाबांच्या वेळेस नव्हता,” आणि हे एकच विधान निर्विवाद होते.

या चौघांना दोष देता येत नाही. आपले दोन कान आवाजाची दिशा ठरवतात, ती तो एका कानाला सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ आधी पोहोचतो, यावरून. पण हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जाणारा आवाज पोलादातून जवळजवळ पंधरापट वेगाने पळतो. चाकाजवळचा ठोका आधी सांगाड्यात शिरतो, तेथून दारांत आणि छतात जातो आणि सगळा पत्राच वाजू लागतो. मग ऐकणाऱ्याने बोट कोठे दाखवावे?

गॅरेजच्या मिस्त्रीने मात्र दिशा विचारलीच नाही. तो म्हणाला, “सर, आवाज कसा येते, थे सांगा. ‘कसातरी येते’ म्हनाल, त मी कोनता नट पाहू?” मराठीच्या अध्यापकाला यापेक्षा अधिक आव्हान काय असणार! मी वही काढली. आठ दिवस गाडीत एक जण नुसता ऐकावयास बसे आणि शब्द लिही. त्या वहीतून जे कळले, ते वाचकांच्या उपयोगी पडेल.

सावकाश जाताना, गतिरोधकावर अंग टाकताच होणारी कुरकुर ही बहुधा रबराची असते. त्यावर थोडे पाणी शिंपडून पाहावे. आवाज क्षणभर थांबला, तर चोर सापडला. वेग वाढेल तशी वाढणारी आणि वळणावर एका बाजूला जोर धरणारी घरघर बेअरिंगची. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा येणारी खस्खस् म्हणजे ब्रेकच्या ड्रमला मागचा पत्रा घासतो आहे. पत्र्याची पातळ खणखण बहुतेक सायलेन्सरची. गाडी उभी ठेवून इंजिन वाढवले तरी ती येते. आणि सैल खडखड कशाचीही असू शकते, म्हणून प्रथम डिकी रिकामी करावी.

आमच्या डिकीतून जॅक, दोन पाने, नारळ आणि एक पितळी लोटा निघाला. निम्मी खडखड तेथेच संपली. सायलेन्सरचा नवा रबरी टांगणा बसवला, खणखण गेली. एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची आणि मग त्याच रस्त्यावरून, त्याच वेगाने फिरून यावयाचे, हा नियम आम्ही पाळला. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर आवाज कशाने गेला हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

उरला एक ‘खट्’. गाडी जागची हलताना एक आणि ब्रेक दाबताना एक. लहान, कोरडा, सभ्य. सौभाग्यवती म्हणाल्या, “एवढ्याशा आवाजाची सवय होईल.” शेजारी तर म्हणाले, की जुन्या गाडीला एवढे चालायचेच.

भंडारा हे पितळेच्या भांड्यांचे गाव. आमच्या ओळखीचे एक वृद्ध कासारकाका भांडे विकत घेताना त्यावर टिचकी मारतात. अखंड भांडे गाते, चीर गेलेले बोदे बोलते. रेल्वेतही पूर्वी स्टेशनात गाडी थांबली, की हातोडीवाला चाके ठोकीत जाई, ते याच विद्येने. पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या डॉक्टरने १८१६ साली कागदाची सुरळी रोग्याच्या छातीला लावली आणि स्टेथॉस्कोपचा जन्म झाला. आमचे मिस्त्री स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावतात, तेही त्याच घराण्याचे.

गाडी नीट ठोकळ्यांवर घेऊन (नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कोणीही कधी शिरू नये) मिस्त्रीने मागच्या पाट्यांच्या यू-बोल्टांवर हातोडी टेकवली. उजवीकडचे दोन्ही खणखणीत बोलले. डावीकडचा एक बोदा निघाला. पान्हा लावला, तो दोन आटे सहज फिरला.

पाट्यांचा जुडगा आणि मागचा आस यांना एकत्र धरून ठेवतात ते हे यू-बोल्ट. नवे पाटे पहिल्या काही शे किलोमीटरांत दबून बसतात, त्यामुळे घट्ट आवळलेला बोल्टही सैल पडतो. म्हणून तो पुन्हा आवळावयाचा असतो, आणि हे गाडी परत देताना कोणी सांगितले नव्हते. तो तसाच राहिला, तर सगळा भार पाट्यांमधल्या एका बारीक खिळ्यावर येतो. तो तुटला, की आस जागचा सरकतो आणि गाडी स्वतःच्या मनाने वळते. मागच्या बाकावर आई आणि मुले, समोर मँगेनीजचा ट्रक, आणि असे व्हावे! त्या दिवशी मी चहा न पिताच घरी आलो.

चारही बोल्ट मोजून आवळले गेले. खट् गेला. कुरकुर थोडी आहे. ती पुढच्या बुशाची, तिच्यात धोका नाही.

दिवाळीत पुष्कळ मंडळी जुन्या गाड्या काढून गावी निघतील. खालचे काम नुकतेच झाले असेल, तर निघण्यापूर्वी यू-बोल्ट आणि चाकांचे नट पुन्हा आवळून घ्यावेत. आवाज येत असेल, तर मिस्त्रीकडे एक चिठ्ठी न्यावी: शब्द कोणता, वेग किती, रस्ता कसा, ब्रेक दाबताना की सोडताना, डावीकडे वळताना की उजवीकडे. आणि चिठ्ठी वाचूनही मिस्त्री ‘सवय होईल’ म्हणाला, तर दुसरा मिस्त्री पाहावा.